विषय: सिॲटल बंदराचे संघीय अग्रक्रम आणि मंडळाचे निवेदन

प्रेषक: बंदर अभियंता, फेडरल वे
१७ नोव्हेंबर २०२५

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

सिॲटल बंदराचा आयोग दर वर्षी पुढच्या वर्षाचे संघीय अग्रक्रम ठरवतो. वॉशिंग्टन डी.सी.तल्या काँग्रेसकडे आणि संघीय खात्यांकडे काय मागायचे, आधी कोणते आणि मागून कोणते, हे त्यात असते. २०२६ चा क्रम ठरण्याच्या या दिवसांत आपल्या मराठी मंडळाने आयोगाला लेखी निवेदन द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. हे बंदर खासगी कंपनीच्या मालकीचे नाही. १९११ साली किंग काउंटीच्या मतदारांनी ते स्थापन केले, त्याचे पाच आयुक्त आजही मतदारच निवडतात, आणि घराच्या मालमत्ता करातून आपण त्याला पैसे देतो. सी-टॅक, म्हणजे सिॲटल-टॅकोमा विमानतळही त्याच्याच अखत्यारीत आहे.

माझे शिक्षण उरणला झाले. १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झाले तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि खाडीतला गाळ उपसणारे ड्रेजर हे आमच्या रोजच्या पाहण्यातले होते. तिथे गाळाचा उपसा थांबला की मोठी जहाजे आत येणे थांबते. इथे आल्यावर सिॲटलसमोरच्या एलियट बे या उपसागराची खोली पाहून मी थक्क झालो होतो, कारण हिमनद्यांनी कोरलेल्या या समुद्राला ती खोली उपजतच मिळाली आहे. आपल्या बंदरांवरचा अन्याय याच खोलीतून निघतो. १९८६ च्या कायद्याने हार्बर मेंटेनन्स टॅक्स, म्हणजे बंदर-देखभाल कर, सुरू झाला. त्याचा दर आधी मालाच्या किमतीच्या ०.०४ टक्के होता आणि १९९० साली तो ०.१२५ टक्के झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निर्यातीवरची आकारणी घटनाबाह्य ठरवल्यापासून मुख्य भार आयात मालावर आहे. या कराचा पैसा प्रामुख्याने गाळ उपसण्यावर खर्च होतो. सिॲटल आणि टॅकोमा येथे आयात मोठी आणि गाळ नगण्य, त्यामुळे इथून गेलेल्या डॉलरमागे परत येतात ते थोडे सेंट. अशा बंदरांना दाते बंदर म्हणतात, पण हे दान कोणी आपखुशीने केलेले नाही. त्यातही वर्षानुवर्षे जमलेली रक्कम पूर्ण खर्चच होत नव्हती, आणि २०२० पर्यंत निधीत नऊ अब्ज डॉलरहून अधिक शिल्लक साठली होती. त्या वर्षीच्या कायद्यांनी खर्चाची वाट मोकळी केली आणि दात्या बंदरांसाठी वाटाही ठेवला, मात्र तो प्रत्यक्ष मिळण्यासाठी दर वर्षी काँग्रेसच्या खर्चमंजुरीत झगडावे लागते.

दुसरी बाजू कॅनडाची. तोच माल व्हँकूवर किंवा प्रिन्स रूपर्टला उतरवून रेल्वेने शिकागोला नेला तर हा कर लागत आलेला नाही. ९ एप्रिल २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात ही पळवाट बुजवण्याचे निर्देश आहेत, पण आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष मागे घेऊ शकतो. टिकाऊ बदल काँग्रेसच करू शकते. बंदरे आणि जलमार्गांच्या कामांना मंजुरी देणारा जलसंपदा विकासाचा कायदा साधारण दर दोन वर्षांनी होतो आणि मागचा जानेवारी २०२५ मध्ये झाला, म्हणजे २०२६ ही पुढची संधी. सिॲटल बंदरातले पूर्व आणि पश्चिम जलमार्ग ५७ फुटांपर्यंत खोल करण्याला २०१८ सालीच मंजुरी मिळाली आहे. नव्या महाकाय जहाजांसाठी ते काम हवे आहे, पण मंजुरी मिळणे वेगळे आणि पैसा मिळणे वेगळे.

दात्या बंदरांना कराचा वाटा पूर्ण मिळावा आणि कॅनडाची पळवाट कायद्याने बुजावी, हीच मागणी निवेदनात पहिली असावी, ही विनंती.

प्रेषक: किराणा आयातदार, केंट
१८ नोव्हेंबर २०२५

स. न. वि. वि.

दादांनी मांडलेला न्यायाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्याच्या परिणामाबद्दल थोडे सांगणे आवश्यक वाटते. न्हावा-शेव्याहून निघालेला माझा पोहे, पापड आणि मसाल्यांचा कंटेनर सहसा कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलून येतो. त्यातील मालाची किंमत ४०,००० डॉलर धरली तर हा कर होतो ५० डॉलर. एवढ्यासाठी मी बंदर बदलणार नाही. ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत गेले, त्यापुढे तर हा आकडा दिसतही नाही. लाखो डॉलरच्या इलेक्ट्रॉनिक मालाचे गणित वेगळे असेल, हे मान्य. तरीही शिकागोकडे जाणारा माल प्रिन्स रूपर्टला वळतो त्यात करापेक्षा मोठा वाटा दिवसांचा आहे, कारण ते बंदर आशियाला सर्वांत जवळचे आहे आणि तिथला कंटेनर धक्क्यावरून थेट आगगाडीवर चढतो.

म्हणून माझ्या मते रस्ते आणि रेल्वेची मागणी तितकीच महत्त्वाची आहे. २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा ३० सप्टेंबर २०२६ रोजी संपतो. त्याच कायद्याने बंदर विकासाच्या अनुदानासाठी पाच वर्षांत सव्वादोन अब्ज डॉलर ठेवले होते. पुढच्या कायद्यात बंदरांचा वाटा किती राहील, हे येत्या वर्षभरात ठरेल. केंटच्या खोऱ्यातील गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकसमोर रेल्वेचे फाटक पडते तेव्हा चालकाचा वेळ जातो, आणि त्या वेळेचे भाडे शेवटी पोह्यांच्या पाकिटावर चढते. ही तक्रार माझ्या एकट्याच्या धंद्याची नाही, हे वाचकांनी कृपया लक्षात घ्यावे.

प्रेषक: सभासद, डेस मॉइन्स
१८ नोव्हेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

दोन्ही पत्रे मी मन लावून वाचली. दोन्हींत बंदर म्हणजे माल, असेच धरलेले आहे. मी विमानतळाच्या दक्षिणेला राहते आणि माझ्या घरावरून विमाने उतरतात. २०२४ मध्ये सी-टॅकवरून पाच कोटी सव्वीस लाख प्रवाशांनी ये-जा केली, आणि हा सगळा भार सुमारे अडीच हजार एकरांवर आहे. आई इथे आली की पहिले दोन आठवडे पहाटे तीनलाच जागी होते, आणि त्यात जेट लॅगचा वाटा किती व मालवाहू विमानांचा किती, हे मला सांगता येणार नाही.

बंदराने आजवर हजारो घरांना ध्वनिरोधक खिडक्या-दारे बसवून दिली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु फार वर्षांपूर्वी बसवलेल्या खिडक्यांच्या दोन काचांमध्ये आता ओल धरते, चौकटी वाकल्या आहेत आणि आवाज पूर्वीसारखाच आत येतो. संघीय निधीची आजवरची रीत अशी की घराला मदत एकदाच मिळते. शिवाय पात्रतेची रेषा ६५ डेसिबलच्या वार्षिक सरासरीवर ठरते. सरासरीत शांत क्षणही मोजले जातात, झोप मात्र एकेका विमानाने मोडते. दुरुस्तीसाठी दुसऱ्यांदा निधी देण्याची मुभा ही बंदराचीही जुनी मागणी आहे. तेव्हा ती शेवटच्या ओळीत न टाकता कराच्या मागणीशेजारी ठेवावी, असा माझा आग्रह आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत द्यावे, हे दादांचे तत्त्व पैशाला लागू होत असेल तर ते झोपेलाही लागू व्हायला हवे.

प्रेषक: कोषाध्यक्ष
१९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार.

असे पत्र पाठवल्याने आपली करमुक्त नोंदणी धोक्यात येईल का, असे तीन सभासदांनी फोनवर विचारले. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत. अशा संस्थेला निवडणुकीत कोणा उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात उतरण्याची पूर्ण मनाई आहे. कायद्यांविषयी मत मांडायला मात्र परवानगी आहे, फक्त ते संस्थेच्या एकूण कामाचा मोठा भाग होता कामा नये. वर्षातून एक निवेदन या मर्यादेत सहज बसते. पत्रात आयुक्तांची स्तुती किंवा निंदा नसावी, आणि ते कार्यकारिणीच्या ठरावानंतरच जावे.

प्रेषक: बंदर अभियंता, फेडरल वे
२० नोव्हेंबर २०२५

स. न. वि. वि.

ताईंचे पत्र वाचून मी माझा मसुदा पुन्हा लिहिला. मी बंदराकडे पाण्याच्या बाजूने पाहत होतो, आणि आवाज माझ्या यादीत पाचवा होता. ती माझी चूक होती. केंटच्या मित्राचा हिशेबही बरोबर आहे. कर रद्द झाला तर जहाजे धावत परत येतील, असे सुचवणारे वाक्य मी काढून टाकले आहे.

ताईंनी ओळखलेल्या तत्त्वाशी जोडलेला आणखी एक मुद्दा आहे. विमानाच्या तिकिटात एकेरी प्रवासामागे ५ डॉलर ६० सेंट सुरक्षा शुल्क असते. २०१३ च्या अर्थसंकल्पी करारापासून त्याचा एक भाग तपासणीऐवजी संघीय तूट भरायला जातो. विमानतळाला स्वतःच्या इमारतींसाठी प्रवाशाकडून जे घेता येते त्याची कमाल मर्यादा मात्र २००० सालच्या कायद्यापासून साडेचार डॉलरवर थांबलेली आहे. नुकतेच सरकार ४३ दिवस बंद होते, आणि तपासणी कर्मचारी व हवाई वाहतूक नियंत्रक त्या काळात पगाराविना कामावर होते. प्रवाशांकडून गोळा केलेले शुल्क त्यांच्या पगाराला त्या दिवसांत उपलब्ध असते तर, हा प्रश्न आयोगाने काँग्रेसला विचारावा असे मला मनापासून वाटते.

मसुद्याचा मुख्य परिच्छेद आता असा आहे:

‘विशिष्ट कामासाठी गोळा केलेला पैसा त्याच कामाला आणि ज्यांच्यावर भार पडतो त्यांनाच मिळावा, या आधारावर आयोगाने २०२६ मध्ये पुढील मागण्या अग्रभागी ठेवाव्यात: दात्या बंदरांचा देखभाल कराचा वाटा दर वर्षी पूर्णपणे मिळावा आणि कॅनडामार्गे येणाऱ्या मालाची असमानता कायद्याने दूर व्हावी, ध्वनिरोधन निकामी झालेल्या घरांना पुन्हा संघीय साहाय्य मिळावे, सुरक्षा शुल्क पूर्णतः सुरक्षेवर खर्च व्हावे, आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानंतर येणाऱ्या नव्या भूपृष्ठ वाहतूक कायद्यात बंदरांकडे जाणाऱ्या रस्त्यांचा व रेल्वे फाटकांचा निधी कायम राहावा.’

मराठी मसुदा कार्यकारिणीकडे पाठवला आहे आणि इंग्रजी प्रत रविवारपर्यंत तयार होईल. आयोगाच्या जाहीर बैठकीत तोंडी निवेदनही करता येते. ताई, तिथे खिडक्यांविषयी आपणच बोलावे. मी सोबत येईन.

आपला नम्र