मदत हवी आहे: अकराव्या आठवड्यात उपाशीपोटी शुगर ९४, सीआरपीही वाढलेला

नमस्कार. पार गोंधळले आहे, जाणकारांनी सांगा.

वय ३१, पहिलटकरीण, अकरावा आठवडा. पीसीओएस जुना, आईला डायबेटीस. म्हणून डॉक्टरांनी नाव नोंदवतानाच ग्लुकोजचं पाणी प्यायला लावलं. ७५ ग्रॅम, तेही उलट्यांच्या दिवसांत! कसंबसं पोटात राहिलं. दोन तासांनी शुगर १३२. "१४० च्या आत आहे, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा बघू," असं मॅडम म्हणाल्या.

पण लॅबच्या पॅकेजात आणखी टेस्ट होत्या. उपाशीपोटी ९४, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.४, सीआरपी ८. नणंदेने रिपोर्ट तिच्या डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणे ९२ च्या वर म्हणजे प्रेग्नन्सीतली शुगर आहेच. मग मी नेटवर वाचत बसले: सीआरपी वाढला म्हणजे अंगात कुठेतरी सूज, सूज असली की इन्सुलिन नीट काम करत नाही. आता सासूबाईंच्या शिऱ्याकडेसुद्धा संशयाने बघते.

९४ खरं मानू की १३२? आणि सीआरपीचं काय करायचं? त्या आठवड्यात अक्कलदाढेची हिरडी सुजली होती, त्याचा काही संबंध असेल तर.

प्रतिसाद

अहो, दाढेचं सगळ्यात आधी सांगायचं! सीआरपी हिरडीच्या सुजेने वाढतो, सर्दी-तापाने वाढतो, गरोदरपणात मुळातच थोडा जास्त असतो. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. चरबीच्या पेशींतून टीएनएफ-अल्फासारखी द्रव्यं सुटतात, ती इन्सुलिनला अडवतात, पुढे वारेची हार्मोन्स त्यात भर घालतात. सुरुवातीला सीआरपी जास्त असलेल्या बायकांना नंतर शुगर जास्त आढळते, पण त्यातला बराच भाग वजनाचा असतो. नुसत्या सीआरपीवरून निदान कोणी करत नाही. दाताच्या डॉक्टरांकडे मात्र जा, गरोदर आहात हे आधी सांगून.

९४ आणि १३२ दोन्ही खरे, मोजपट्ट्या वेगळ्या. १४० ची मोजपट्टी आपल्याकडची, डिप्सीची (गरोदरपणातल्या डायबेटीसवर काम करणारा भारतीय डॉक्टरांचा गट), चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी रुजवलेली. बाई उपाशी नसली तरी करता येते, म्हणून सरकारी दवाखान्यांतही चालते. उपाशीपोटी ९२ चा आकडा 'हापो' या अनेक देशांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासावरून आला (२००८), पण त्यातल्या बायकांची तपासणी २४ ते ३२ आठवड्यांत झाली होती. तो अकराव्या आठवड्याला लावावा का, यावर डॉक्टरांतच वाद आहे. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ असता तर सरळ डायबेटीस म्हटलं असतं. तुम्ही त्यापासून लांब आहात.

तरी पीसीओएस आणि आई बघता मी २४ आठवड्यांपर्यंत नुसती थांबले नसते. धोका असलेल्यांवर लवकर उपचार केल्याचा बाळांना थोडा फायदा २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत दिसला. घरी ग्लुकोमीटरवर थोडे दिवस बघू का, हे मॅडमनाच विचारा. आणि हिमोग्लोबिन किती? ते कमी असेल तर एचबीए१सी फसवतो.

धागाकर्ती

९.८. लोहाच्या गोळ्या कालच सुरू केल्यात. म्हणजे ५.४ पण गेला! सोमवारी मॅडमकडे जाते, दाढेचंही सांगते.