'तोजिशा'ला मराठीत काय म्हणाल?

मोगरा : मोठ्या वर्तमानपत्रांत ज्यांचं बोलणं येत नाही अशा माणसांना छापणारी छोटी जपानी-इंग्रजी माध्यमं आहेत. तिथलं एक मनोगत मी मूळ जपानीवरून मराठीत आणते आहे. सांगणाऱ्याचं आयुष्य नागाशिमा बेटावरच्या कुष्ठवसाहतीत गेलं. बेटाला पूल १९८८ साली आला, कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा १९९६ साली रद्द झाला. मजकुरात 'तोजिशा' सतत येतो. शब्दशः 'त्या गोष्टीतला माणूस'. 'पीडित' मला चालत नाही. तो कीव मागत नाहीये, सांगतोय. तुम्ही काय वापराल?

नदीकाठ : 'बाधित'. पूरबाधित, प्रकल्पबाधित सगळ्यांना कळतं.

खडीसाखर : बाधित म्हटलं की कोविडचे रोजचे आकडे आठवतात. 'भुक्तभोगी' घ्या.

जुनी वही : भुक्तभोगी हिंदी बातम्यांतून आलाय. मराठीत लिहायचं तर मराठी शब्द शोधा.

मोगरा : थोडं आणखी सांगते. कायद्याच्या भाषेत तोजिशा म्हणजे करारातला किंवा दाव्यातला पक्ष. अपंगांच्या चळवळीला तो जवळचा वाटतो तो त्यामुळेच : आमच्याबद्दल काही ठरणार असेल तर आम्हीही पक्ष आहोत. होक्काइदोत उराकावा इथे 'बेथेलचं घर' आहे, १९८४ पासून. मानसिक आजार असलेली माणसं तिथे २००१ पासून 'तोजिशा-केन्क्यू' करतात, म्हणजे स्वतःच्या आजाराचा स्वतः अभ्यास. आजाराला नावही स्वतःच देतात. याला 'पीडित-संशोधन' म्हटलं तर अर्थ पार उलटतो.

नदीकाठ : मग सरळ 'पक्षकार'!

खडीसाखर : पक्षकार वाचून वकिलाच्या दारात ताटकळणारा माणूसच दिसतो हो.

कातळ : 'ग्रस्त'ला का वगळताय? माझे आजोबा कोयनेचे धरणग्रस्त. दाखल्यावर तेच, मोर्च्याच्या फलकावरही तेच. आमच्या घरात हा शब्द मान वर करून उच्चारतात.

जुनी वही : ग्रस्त म्हणजे गिळलेला. पंचांगातला 'ग्रस्तोदित' आठवा, ग्रहण लागलेलं असतानाच उगवलेला. जिवंत माणसाला असं म्हणू नये.

कातळ : आमचं गाव पाण्याने गिळलंच. शब्द चपखल आहे.

सांजवात : विषय कुष्ठाचा आहे म्हणून विचारते. आनंदवनाच्या संस्थेचं नाव 'महारोगी सेवा समिती'. लिहिताना आता आपण कुष्ठरुग्ण लिहितो. जपानीतही 'राइ' मागे पडून 'हान्सेन-ब्यो' आलं. मग जुन्या नावांचं काय करायचं?

जुनी वही : हात लावू नये. तो काळ त्या नावात आहे.

खडीसाखर : ज्यांना त्या नावाने हाक मारली गेली त्यांना विचारून ठरवा. जावे त्याच्या वंशा.

मोगरा : 'तोजिशा' तसाच ठेवून पहिल्या वेळी खुलासा केला तर? हायकू आपण घेतलाच.

जुनी वही : हायकू हा काव्यप्रकार आहे, नावासकट आला. माणसासाठी परका शब्द मला मान्य नाही.

सांजवात : कातळ, 'धरणग्रस्त' रुळायच्या आधी घरात काय म्हणायचे?

कातळ : आजी म्हणायची, "आम्ही कोयनेचे उठवलेले."

जुनी वही : उठवलेले की उठलेले? फरक आहे.

कातळ : उठवलेले. आपणहून कोण उठतंय?

नदीकाठ : उजनीकडे मी 'उठलेली गावं' असंच ऐकलंय. तिकडचं कुणी आहे का इथे?