खाणमजूर 'आपणहून' आलेले नव्हते
'परदेशी मजूर आपणहून दक्षिण आफ्रिकेत घुसले आणि नोकऱ्या बळकावल्या' हा मुद्दा सोन्याच्या खाणींना तरी अजिबात लागू होत नाही. मोझांबिक, लेसोथो, मलावीतून माणसं भरती करून आणली ती खाणमालकांच्याच संस्थांनी. करार ठरावीक महिन्यांचा, राहणं कंपाउंडमध्ये, म्हणजे खाणीच्या बंदिस्त मजूर-वसाहतीत, बायकामुलं गावी. मोझांबिकच्या मजुरांच्या पगाराचा काही भाग तर मायदेशी परतल्यावरच हातात पडे.

याची खरी किंमत नंतर कळते. खाणीतल्या सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बऱ्याचदा काम सुटल्यावर वर्षांनी उघड होतो, तोवर माणूस गावी परतलेला. खाणकंपन्या आणि मजूर यांच्यातल्या, 2019 साली न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीतून अशा मजुरांना भरपाई देणारा त्शियामिसो ट्रस्ट उभा राहिला. 12 मार्च 1965 ते 10 डिसेंबर 2019 या काळात ठरलेल्या खाणींत धुळीचं काम केलेल्यांना तिथे दावा करता येतो. लागतं काय? ओळखपत्र, नोकरीची नोंद, छातीचा एक्स-रे, श्वासक्षमतेची चाचणी. अडतं ते नोंदीपाशी: खाणीच्या कारकुनाने नाव एका प्रकारे लिहिलेलं, ओळखपत्रावर दुसऱ्या. मजूर वारला असेल तर अवघडच, कारण खेड्यातल्या मृत्यूला वैद्यकीय पुरावा क्वचितच असतो.

आणि दक्षिण आफ्रिकेत परदेशी लोकांविरुद्ध झालेल्या 2008 च्या हल्ल्यांत मारल्या गेलेल्या 62 जणांपैकी 21 दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते, हेही 'परके' शब्द वापरताना लक्षात असू द्यावं.