इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के, तरीही ‘ग्रेड १’: वय २७, वजन १०४ किलो

प्रश्न
माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा असून त्याची उंची १७० सेंटीमीटर आणि वजन १०४ किलो आहे. जिना चढताना दम लागतो म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला. अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के असून त्याखाली ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ असे लिहिले आहे. पहिला आकडा नॉर्मल असल्याने घरचे निर्धास्त आहेत आणि भाऊ तर अहवाल कपाटात टाकून मोकळा झाला आहे. त्या दुसऱ्या ओळीकडे कितपत लक्ष द्यावे?

उत्तर १
पुरते लक्ष द्यावे. इजेक्शन फ्रॅक्शन हृदयाचे आकुंचन सांगते. दुसरी ओळ प्रसरणाची आहे: डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे आकुंचनानंतर हृदय नीट सैल न होणे, आणि ‘ग्रेड १’ ही त्याची पहिली पायरी. लठ्ठपणात बहुधा आधी बिघडते ते प्रसरण. शरीर वाढले की रक्ताचे एकूण प्रमाण वाढते, हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त फेकावे लागते, आणि त्यात रक्तदाबाची भर पडली की डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत जाड व ताठर होत जाते. अहवालात ‘ई’ आणि ‘ए’ अशा दोन लाटांची मापे असतील ती पाहा. झडप उघडताच आपोआप वाहणाऱ्या रक्ताची लाट ‘ई’, तर वरच्या कप्प्याने शेवटी ढकललेल्या रक्ताची ‘ए’. तरुणपणी ‘ई’ स्पष्टपणे मोठी असते. साठीत ती लहान दिसली तर फारसे नवल नाही, पण २७व्या वर्षी तसे दिसणे हृदयरोगतज्ज्ञाला दाखवण्याजोगेच आहे.

अमेरिकेत १९८५-८६ साली सुरू झालेल्या ‘कार्डिया’ अभ्यासात १८ ते ३० वयाच्या ५,११५ जणांची नोंद झाली. त्यांच्यापैकी ज्यांचा लठ्ठपणा तरुणपणापासून अधिक वर्षे टिकला, त्यांच्या डाव्या जवनिकेचे वस्तुमान पुढे अधिक आढळले. म्हणून ‘या वयात काय होते’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत. भावाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३६ येतो आणि भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, पण कंबरही मोजा; पुरुषांत ९० सेंटीमीटर ही मर्यादा आहे. नुसत्या बीएमआयवरून शरीरातली चरबी कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३, असूनही याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली, हे त्यांनीच २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले होते.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. दवाखान्यात रक्तदाब १४४/९२ आला होता, पण घाबरल्यामुळे वाढला असेल असे सांगितले गेले.

उत्तर १
तसेही असू शकते, पण जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला तर आकडा खोटा जास्त येतो. मोठा पट्टा मागून, पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा. तो झोपेत जोराने घोरत असेल किंवा त्याचा श्वास मध्येच थांबत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण स्लीप ॲप्निया या झोपेतल्या श्वासाच्या विकारामुळे रक्तदाब चढाच राहतो. वजन उतरले की जाड झालेली भिंत काही अंशी पूर्ववत होते, असे इकोवर दिसून आले आहे. तेव्हा कपाटातला अहवाल फेकू नका. वजन उतरल्यावरच्या इकोशी ताडून पाहायला तोच लागेल.