ईस्टर बेट (रापा नुई) : दोन रात्री पुरतील का?

प्रवासेच्छू :

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी नोकरीनिमित्त साओ पावलोला असते आणि येत्या जानेवारीत मी व सौ. तिच्याकडे महिनाभर राहायला जाणार आहोत. त्यातले आठ दिवस चिलीसाठी राखून ठेवले आहेत, कारण शाळेत असताना एका मासिकात चिलीच्या ताब्यातील ईस्टर बेटावरच्या दगडी पुतळ्यांचे चित्र पाहिले तेव्हापासून तिथे एकदा जाऊन यावे, असे मनात आहे. मुलीचे म्हणणे असे, की बेट अवघे 163 चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे दोन रात्री पुष्कळ झाल्या आणि उरलेले दिवस सँतियागोच्या आसपास घालवावेत. मला मात्र साडेतीन हजार किलोमीटर समुद्र ओलांडून, विमानात पाच तासांहून अधिक बसून, दोन रात्रींत परत फिरणे पटत नाही. गाडी भाड्याने घेऊन आपले आपण हिंडता येते का, हेही जाणून घ्यायचे आहे. सौ. ना गुडघ्याचा त्रास आहे आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळवेडी :

आम्ही 2023 मध्ये गेलो होतो. माझे स्पष्ट मत असे, की चार रात्रींपेक्षा कमी राहू नये, आणि त्याचे कारण बेटाच्या आकारात नसून तिकिटाच्या नियमात आहे. बेटाचा बराचसा भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचा कारभार माउ हेनुआ ही रापा नुई लोकांची संस्था पाहते. तिकीट दहा दिवस चालते, परंतु रानो राराकू (पुतळ्यांची खाण) आणि ओरोंगो (ज्वालामुखीच्या कडेवरचे जुने दगडी घरांचे गाव) या दोन स्थळी प्रत्येकी एकदाच प्रवेश मिळतो. बहुतेक स्थळांवर मान्यताप्राप्त स्थानिक मार्गदर्शक सोबत असावा लागतो, त्यामुळे गाडी भाड्याने मिळाली तरी एकट्याने आत जाता येईलच असे नाही.

आमची चूक सांगते, म्हणजे आपली टळेल. पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एका सहलवाल्याच्या गटासोबत आम्ही भर दुपारी रानो राराकूला गेलो, त्याने चाळीस मिनिटांत सगळ्यांना पिटाळत बाहेर काढले आणि तिकिटावर त्या स्थळाची खूण झाल्यामुळे पुन्हा आत जाता आले नाही. हीच तर खाण आहे. बेटावरचे जवळजवळ सगळे मोआई, म्हणजे ते दगडी पुतळे, इथल्या ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या राखेच्या खडकातून कोरले गेले आणि त्यातले सुमारे चारशे अजून इथेच आहेत. काही उतारावर खांद्यापर्यंत मातीत रुतून उभे आहेत, तर काहींचा चेहरा, हात, लांब बोटे पुरी कोरून झाली असली तरी पाठीचा कणा खडकाला तसाच जोडलेला आहे, जणू कारागीर जेवायला गेले आहेत. सुमारे 21 मीटर लांबीचा एक अपुरा मोआई तर डोंगरातून कधी सुटलाच नाही. इथे किमान अडीच तास हवेत आणि ते सकाळचे असावेत, म्हणून मार्गदर्शक खासगी घ्या. पैसे जास्त जातील, पण वेळ आपला राहील.

टोंगारिकीला मात्र दोनदा जा, त्यातले एकदा पहाटे. पंधरा मोआई समुद्राकडे पाठ करून ओळीने उभे आहेत आणि जानेवारीत सूर्य त्यांच्या मागून वर येतो. मोआई पूर्वीच पाडले गेले होते. त्यात 1960 च्या त्सुनामीने ते आत दूरवर फेकले, आणि नव्वदच्या दशकात जपानहून आलेल्या क्रेनच्या मदतीने त्यांना पुन्हा चौथऱ्यावर चढवण्यात आले.

गुडघ्याविषयी : टोंगारिकी, ताहाई (गावालगतचे मोआईंचे चौथरे) आणि आनाकेना (वाळूचा किनारा) सपाट आहेत. ओरोंगोपर्यंत गाडी जाते आणि पुढे बेताचे चालणे आहे. रानो राराकूच्या उतारावर मात्र पायवाट चढते, त्यामुळे काठी अवश्य न्यावी.

दूरदेशी :

मला तीन रात्री पुरल्या, पण वरील प्रतिसादातील खाणीविषयीच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे.

कागदपत्रांची थोडी भर घालतो. चिलीचा व्हिसा भारतातूनच मार्गी लावा. विमान देशांतर्गत असले तरी बेटासाठी वेगळा प्रवेश-अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्यासोबत परतीचे तिकीट व नोंदणीकृत निवासाचे आरक्षण दाखवावे लागते. मुक्कामाची कमाल मर्यादा 30 दिवस आहे. तापाती हा उत्सव फेब्रुवारीच्या आरंभी असतो आणि त्या सुमारास खोल्या मिळणे कठीण जाते, म्हणून जानेवारीच्या अखेरीस सरकू नका.

खाण्याची काळजी फार नको. रताळे हे तिथले जुने पीक आहे. अळूचे कंदही मिळतात, आणि वाऱ्यापासून बचावासाठी रचलेल्या गोल दगडी कुंपणांत, म्हणजे मानावाईत, ते कसे लावत हे पाहण्यासारखे आहे. बाकी पुष्कळसा माल मुख्य भूमीवरून येतो, त्यामुळे दर चढे असतात. घरचा चिवडा-लाडू नेणार असाल, तर सँतियागोच्या विमानतळावरील कृषी-तपासणीच्या अर्जावर त्याची नोंद न चुकता करा. फळे आणि बियांबाबत ते अतिशय कडक आहेत आणि लपवलेली वस्तू सापडल्यास दंड होतो.

प्रवासेच्छू :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. या लोकांनी पुतळ्यांपायी सगळी झाडे तोडली आणि स्वतःचा नाश ओढवून घेतला, असे जे सर्वत्र वाचायला मिळते, ते कितपत खरे आहे? मार्गदर्शकाला हे विचारणे अप्रस्तुत तर होणार नाही ना?

लिपीवेडा :

विचारा, परंतु उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारा. झाडे गेली हे खरे आहे. त्याला माणसाची कुऱ्हाड किती आणि ताडाची बी कुरतडणारे उंदीर किती कारणीभूत, यावर अभ्यासकांचा वाद आहे. परंतु डच दर्यावर्दी रोगेवेन 5 एप्रिल 1722 रोजी, ईस्टरच्या रविवारी, तिथे पोहोचला तेव्हा बेट ओसाड नव्हते, शेती करणारी माणसे तिथे नांदत होती. खरा घाला 1862 नंतर पडला. पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी शेकडो माणसे धरून नेली, परतलेल्या मूठभरांबरोबर देवीची साथ आली, आणि 1877 मध्ये बेटावर अवघे 111 रापा नुई उरले. 1888 मध्ये चिलीने बेट आपल्याकडे घेतले आणि पुढे कित्येक वर्षे सारे बेट मेंढ्यांचे कुरण होते, मूळ रहिवाशांना हांगा रोआ या एका गावातच कोंडून ठेवले जाई. आपला मार्गदर्शक त्या 111 जणांपैकी कुणाचा तरी वंशज असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून ‘नष्ट झालेली संस्कृती’ हा शब्दप्रयोग त्याच्यासमोर टाळावा.

माझ्या आवडीचा विषय असल्याने थोडे विषयांतर. त्यांच्या लाकडी फळ्यांवरील रोंगोरोंगो ही चिन्हे अद्याप वाचता आलेली नाहीत, आणि 1932 मध्ये हेवेशी या संशोधकाने त्यांचे सिंधू लिपीशी साम्य दाखवले होते. आपल्याकडे अजूनही कुणी ना कुणी ते उत्साहाने सांगतो, पण दोहोंमध्ये काही हजार वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. मोआई कोरण्याच्या बेसाल्टच्या हत्याराला तिथे ‘तोकी’ म्हणतात आणि आपल्या पाथरवटाच्या हाती ‘टाकी’ असते. तोही निव्वळ योगायोगच समजावा. ताहाईजवळच्या संग्रहालयात 1978 मध्ये आनाकेनाला सापडलेला मोआईचा पोवळ्याचा डोळा आहे. तो पहिल्याच दिवशी पाहा, मग रिकाम्या खोबणींचे पुतळे वेगळे दिसतात.

प्रवासेच्छू :

चार रात्री निश्चित केल्या. पहिल्या दिवशी संग्रहालय आणि ताहाईचा सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी पहाटे टोंगारिकी आणि तिथूनच सकाळी खाण, तिसऱ्या दिवशी ओरोंगो, चौथा आनाकेनाला, आणि निघण्याच्या सकाळी जमल्यास पुन्हा टोंगारिकी. मुलीला हा धागा वाचून दाखवला. ती आता स्वतःच रजा टाकून आमच्यासोबत येणार आहे.