निपाणीच्या सोसायटीचे मेल ५५० एरर देऊन परत येतात

निपाणीकर: सभेच्या नोटिसा सभासदांच्या जीमेलवरून परत येतात: ५५० ५.७.२६. मजकूर मराठी-कन्नड मिसळून आहे, म्हणून स्पॅम समजतंय काय?

खानापूर रोड: भाषेचा काही संबंध नाही. ५.७.२६ म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी असतात तिथे) एसपीएफची, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची, नोंद एकच हवी. होस्टिंगवाल्याची एक आणि बिलिंग सॉफ्टवेअरची दुसरी असली की दोन्ही बाद. एकाच ओळीत दोघांचे इन्क्लूड (त्यांच्या सर्व्हरची यादी जोडणारा भाग) घाला. ती नोंद तपासताना लागणारे डीएनएस लुकअप (चौकशा) १० च्या वर गेले तरी तीच गत.

टिळकवाडी: डीकिमही (मेलवरची डिजिटल सही) चालू करा. मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ तुटतो, डीकिम सहसा टिकतो. डीमार्क (ओळख पटली नाही तर मेलचं काय करायचं तो नियम) आधी 'पी=नन'वरच, म्हणजे काही अडवू नका यावर, ठेवा, थेट रिजेक्ट लावलंत तर स्वतःचेच मेल अडतील की.

निपाणीकर: एसपीएफच्या दोन नोंदी निघाल्या!

खानापूर रोड: जोडा. टीटीएल (जुनी नोंद साठवून ठेवायची मुदत) संपू द्या, मग जीमेलच्या 'शो ओरिजिनल'मध्ये एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही 'पास' दिसतात का बघा.