स्क्रीनर, टिकरटेप की ट्रेंडलाइन: पैसे कशावर भरावेत?

कोथरूड_गुंतवणूकदार: पंधरा-वीस शेअर्स आहेत, ट्रेडिंग करत नाही. तिमाही निकाल आणि ताळेबंद नीट पाहायचेत. शेअर्सची माहिती देणाऱ्या या साइट्सपैकी एखादीची सशुल्क योजना घ्यावी का?

ताळेबंदवाला: एवढ्यासाठी स्क्रीनरची मोफत आवृत्ती पुरे. आधी ‘कन्सॉलिडेटेड’ (उपकंपन्या धरून) दिसतंय की ‘स्टँडअलोन’ (फक्त मूळ कंपनीचं), ते बघा. भारत फोर्जच्या परदेशात उपकंपन्या आहेत, त्यामुळे दोन्हींतला नफा आणि आरओसीई (धंद्यात गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा) वेगळा येतो. एका कंपनीचं स्टँडअलोन दुसरीच्या कन्सॉलिडेटेडशी ताडून पाहिलंत तर तुलनेला काही अर्थ नाही.

शेअर्स निवडायला गाळणी लावताना आरओसीई १५ टक्क्यांच्या वर, कर्ज-भांडवल गुणोत्तर ०.५ च्या खाली, शिवाय पाच वर्षांचा परिचालन रोख प्रवाह (धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड) निव्वळ नफ्याच्या ८० टक्क्यांहून जास्त ठेवा. ही शेवटची अट बहुतेक जण विसरतात, आणि उधारीवर फुगवलेली विक्री नेमकी तिथेच पकडली जाते. बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) यातून वगळा. कर्ज हाच त्यांचा कच्चा माल. तिथे एनपीए (थकलेली कर्जं) आणि भांडवल पर्याप्तता (तोटा पचवण्याइतकं भांडवल आहे का) बघायची.

पेठेतला_हिशेबी: बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर्स), स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) यांचं भान ठेवा. बजाज फायनान्सने २०२५ मध्ये ४:१ बोनस (एकावर चार) दिला आणि २ रुपये दर्शनी किमतीचा शेअर १ रुपयाचा केला, म्हणजे एकाचे दहा झाले. जुन्या वार्षिक अहवालातला ईपीएस (प्रति शेअर नफा) दहाने भागल्याशिवाय आजच्या भावाशी जोडू नका. आकडा खटकला की थेट बीएसईवरची निकालाची पीडीएफ उघडा.

टिकरटेप दिसायला छान, पण तयार ‘स्कोअर’वर खरेदी करू नका, कुठल्याच साइटच्या.

कोथरूड_गुंतवणूकदार: मग तूर्त मोफतच.